फाटकावरची नोटीस

वकिलाकडे येणारा मनुष्य पूर्वी कागद घेऊन येत असे. फडक्यात बांधलेली पुरचुंडी तो टेबलावर ठेवी, सावकाश गाठ सोडी, आणि मग तिच्यातून खसऱ्याची नक्कल, पटवाऱ्याची पावती, कधीकाळच्या कर्जाची चिठ्ठी असे एकेक बाहेर येऊ लागे. आता तो खिशातून फोन काढतो, काचेवर अंगठा फिरवतो आणि म्हणतो, “वकीलसाहेब, हे वाचा.” बालाघाटच्या कचेरीत काळा कोट चढवून आम्ही उभे राहिलो त्याला वीस वर्षे होत आली. एवढ्या काळात लोकांची गाऱ्हाणी फारशी बदलली नाहीत. ती बांधून आणण्याचे फडके तेवढे बदलले.

मांडवीच्या काठी बसून हे वाचणाऱ्यांस बालाघाट म्हटले की कदाचित मराठवाड्यातील डोंगररांग आठवेल. आमचे बालाघाट ते नव्हे. ते वैनगंगेच्या काठी, गोंदियाच्या उत्तरेस आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत आमचे उच्च न्यायालय नागपुरास होते; पुढे गोंदिया मुंबई राज्यात गेले, आम्ही मध्यप्रदेशात राहिलो, आणि आमच्या अपिलांनी जबलपूरची वाट धरली. भाषेने मात्र ही सरहद्द कधी नीटशी मानली नाही. घरात मराठी, बाजारात हिंदी आणि खेड्यात पोवारी, अशा तीन पायांच्या तिवईवर आमचा संसार उभा आहे.

२०२५ च्या पावसाळ्यात असाच एक गृहस्थ फोन घेऊन आमच्याकडे आला. वय पन्नाशीच्या पलीकडचे, अंगात विटलेला खाकी सदरा. वारासिवनीच्या बाजूला एका राईस मिलमध्ये तो अकरा वर्षे रात्रीचा चौकीदार होता. मिलच्या नोकरांचा व्हॉट्सॲपवर एक ग्रुप होता. धान किती आले, ट्रक केव्हा लागणार, कोणाची पाळी कोठे, हे सारे त्या ग्रुपवर कळविले जाई. एके रात्री पावणेअकरा वाजता त्यावर हुकूम निघाला : जुन्या गोदामातला माल हलविला आहे, उद्यापासून चौकीदाराने नव्या गोदामावर हजर व्हावे.

आमच्या चौकीदाराच्या फोनचा रिचार्ज त्याच दिवशी संपला होता. पगार व्हावयास चार दिवस होते, म्हणून त्याने तो भरला नव्हता. तो नेहमीप्रमाणे जुन्या गोदामावर गेला. रात्रभर बसला. दुसऱ्या रात्री गेला, तिसऱ्या रात्रीही गेला. पाऊस लागला होता. पत्र्याच्या आडोशाला बसून, बॅटरी मारीत, आत काहीही नसलेल्या त्या गोदामाचा त्याने तीन रात्री पहारा केला. चौथ्या दिवशी रिचार्ज भरताच फोनवर मेसेजांचा ढीग पडला. त्यात “कहाँ हो?” असा प्रश्न दोनदा होता, आणि सर्वांत खाली एक ओळ होती : त्याला ग्रुपमधून काढण्यात आले होते.

तो मिलवर गेला. मुनीमजी म्हणाले, “तुम्ही काम सोडून गेलात. ग्रुपवर विचारले, उत्तर नाही. आम्ही दुसरा माणूस ठेवला.”

हे सगळे सांगून झाल्यावर त्याने आम्हांला एकच प्रश्न विचारला : “साहेब, ग्रुपमधून काढले म्हणजे नोकरीतून काढले का?”

वाचकहो, वकिलाला अशिलापुढे निरुत्तर होण्याची सवय नसते, आणि असली तरी तो ती दाखवीत नाही. आम्ही चष्मा पुसला, एक पुस्तक उघडले, मिटले, आणि त्याला दोन दिवसांनी या असे सांगितले.

त्या दोन दिवसांत कायद्याची पुस्तके चाळता चाळता आमच्या डोळ्यांपुढे वारंवार एक जुनी वस्तू येत राहिली. आमचे वडील शहराला लागूनच असलेल्या भरवेलीच्या मँगेनीज खाणीत टाइमकीपर होते. गोव्याच्या वाचकांस खाण म्हणजे डोंगर कापून काढलेले उघडे लाल खोरे वाटेल. आमच्याकडची खाण पोटात खोल उतरते. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट या इंग्रज कंपनीने १८९६ पासून या भागातल्या मँगेनीजचा धंदा उभा केला, १९६२ मध्ये तिच्या जागी मॉइल आली, आणि १९७७ मध्ये ती संपूर्ण सरकारी झाली. आम्ही शाळकरी पोर असताना वडिलांचा डबा घेऊन फाटकापर्यंत जात असू. त्या फाटकापाशी, पत्र्याच्या छपराखाली, तारेच्या जाळीत बंद केलेला एक नोटीस-बोर्ड होता. त्यावर टंकलिखित कागद टाचण्यांनी लावलेले असत. खाली साहेबाची सही, सहीखाली तारीख, बाजूला कचेरीचा शिक्का. पाळी बदलली, सुट्टी जाहीर झाली, बोनस ठरला, की कागद तेथे लागे.

बोर्डापुढे नेहमी पाचपन्नास माणसे असत, आणि त्यांतल्या बहुतेकांना वाचता येत नसे. एखादा शिकलेला मोठ्याने वाची, बाकीचे ऐकत. कोणी विचारी, “सही कोणाची आहे?” दुसरा विचारी, “तारीख कोणती?” त्या अडाणी माणसांना ही दोन प्रश्न विचारण्याची अक्कल कोणी शिकविली होती कोण जाणे, पण कायद्याच्या महाविद्यालयात तीन वर्षे घालवून आम्ही जे शिकलो त्याचे सार त्या दोन प्रश्नांत होते.

आणि त्या बोर्डामागे कायदा होता. स्थायी आदेशांसंबंधीचा १९४६ चा केंद्रीय कायदा मालकाला सांगत असे की, कामाच्या अटी इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत, कामगार ज्या फाटकातून आत येतात तेथे वा जवळपास, खास बोर्डावर ठळकपणे लावा. हे तीन शब्द पुन्हा पाहावेत : फाटक, भाषा, बोर्ड. हुकूम कोठे मिळेल हे कामगाराला ठाऊक असावे, तो त्याला कळावा आणि तो टिकावा, एवढी व्यवस्था त्या एका कलमाने केली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कामगार कायद्यांची जागा नव्या चार संहितांनी घेतली, त्यांत हा कायदाही गेला. त्यामागचा विचार मात्र कोणत्याही संहितेपेक्षा जुना आहे. मालकाने हुकूम द्यावयाचा तर तो पोहोचविण्याचे ओझे मालकाने उचलावे, असा तो विचार.

ग्रुपने हे ओझे नकळत दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवले. बोर्ड जागच्या जागी उभा असे आणि कामगार त्याच्यापाशी येई. तेथे येण्याचा त्याला पगार मिळत असे. आता हुकूम कामगाराच्या खिशात जातो, आणि तो खिसा, खिशातला फोन, फोनचा रिचार्ज, चार्जिंगची वीज, वाचण्याची अक्षरओळख हे सारे कामगाराने पुरवावयाचे. रिचार्ज संपला तर दोष त्याचा. झोप लागली तर दोष त्याचा. मालकाने मेसेज टाकला की मालक मोकळा.

यावरून आम्ही फोनचे वैरी आहो असा समज कोणी करून घेऊ नये. २०२० च्या टाळेबंदीत नागपुराकडून पायी निघालेले मजूर रजेगावच्या सरहद्दीवर येऊन थबकत, तेव्हा कोण कोठपर्यंत आला, कोणाच्या पायाला फोड आले, कोठे जेवण मिळेल, हे गावोगावच्या लोकांनी याच ग्रुपांवरून एकमेकांस कळविले. वैनगंगेला पूर आला म्हणजे आजही सरकारी दवंडीच्या आधी फोनवरचा फोटो पोहोचतो. न्यायालयांनीही या वाटेला तुच्छ लेखलेले नाही. जून २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी कार्डाच्या थकबाकीच्या एका प्रकरणात व्हॉट्सॲपवरून पाठविलेली नोटीस बजावली गेली असे मानले. कारण तो कागद नुसता पोहोचला नव्हता, उघडून पाहिला गेला होता, हे फोनवरच्या खुणांवरून दिसत होते. १० जुलै २०२० रोजी, साथीच्या अडचणीच्या काळात, सर्वोच्च न्यायालयाने ई-मेल व तत्सम साधनांबरोबर व्हॉट्सॲपनेही नोटिसा बजावण्यास मुभा दिली.

पण तेच सर्वोच्च न्यायालय २१ जानेवारी २०२५ रोजी पोलिसांना म्हणाले की, चौकशीस हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवून भागणार नाही; कायद्याने सांगितलेल्या रीतीनेच ती बजावली पाहिजे. वरवर पाहता यात विसंगती दिसेल. आम्हांला तशी ती दिसत नाही. जेथे माणसाचे स्वातंत्र्य पणाला लागले आहे, तेथे “पोहोचले असेल” एवढ्यावर न्यायालयाचे समाधान होत नाही. मग जेथे माणसाची भाकरी पणाला लागली आहे तेथे किती खात्री हवी, हा प्रश्न आम्ही आमच्या मनाशी विचारला.

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे, जो आमच्या चौकीदाराच्या वेळी लागू होता, वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराची छाटणी करावयाची तर एक महिन्याची लेखी नोटीस, तीत कारण, नाहीतर महिन्याचा पगार, आणि शिवाय भरपाई द्यावी लागे. येथे मालकाचा वकील म्हणेल : ग्रुपवरचा मेसेज लेखीच नव्हे काय? प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचे चौथे कलम म्हणते की, एखाद्या कायद्याने “लेखी” मागितले असेल तर इलेक्ट्रॉनिक मजकुरानेही ती अट पुरी होते. पण कायदा करणाऱ्यांनी त्याला पुढे एक शेपूट जोडले आहे : तो मजकूर नंतरही पाहता येईल असा उपलब्ध राहिला पाहिजे. आता ग्रुपवरचा हुकूम पाहा. पाठविणारा तो मागाहून “सर्वांसाठी” पुसून टाकू शकतो. कामगाराचा फोन बिघडला तर त्याच्यापुरता तो गेलाच. भरवेलीच्या जाळीतला कागद उन्हाने पिवळा पडे, पण रात्रीतून नाहीसा होत नसे.

पुराव्याचेही तसेच. जालन्याच्या एका विधानसभा निवडणुकीवरून उद्भवलेल्या अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये ठरविले की, मूळ यंत्र न्यायालयात हजर केलेले नसेल तर इलेक्ट्रॉनिक नकलेसोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र हवेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाने हे प्रमाणपत्र आणखी काटेकोर केले आहे. खटल्यांच्या शुद्धतेसाठी हे आवश्यकच. पण वारासिवनीच्या चौकीदाराने ते कोठून, कोणाकडून आणावयाचे? त्याच्या बापाला मेमो मिळाला असता तर त्याने तो फडक्यात बांधून ठेवला असता आणि वीस वर्षांनी गाठ सोडली असती.

ग्रुपवर आणखी एक गंमत आहे. एकट्याला पाठविलेला मेसेज पोहोचला की दोन खुणा उमटतात, वाचला की त्या निळ्या होतात. ग्रुपवर मात्र दुसरी खूण सर्वांना पोहोचल्याशिवाय उमटत नाही. म्हणजे मुनीमजींच्या फोनवर त्या तीन रात्री एकच खूण होती, आणि मेसेजची माहिती उघडून पाहिली असती तर कोणाला तो पोहोचला नाही हेही कळले असते. यंत्र सांगत होते. विचारण्याची तसदी कोणी घेतली नाही. आमच्या नोटिशीतील सर्वांत जड वाक्य पुढे याच मुद्द्यावर उभे राहिले.

या विषयाचा शोध घेताना शेजारच्याच एका प्रकरणाने आमचे लक्ष वेधले. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगावच्या एका ग्रुपवर एका सभासदाने एका स्त्रीविषयी अभद्र मजकूर टाकला आणि ॲडमिनवरही गुन्हा नोंदला गेला. मार्च २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ॲडमिनला मुक्त केले. ॲडमिनच्या हाती सभासद घेणे आणि काढणे एवढीच सत्ता असते. कोण काय लिहील यावर त्याचा ताबा नसतो. म्हणून समान हेतू दिसल्याखेरीज दुसऱ्याच्या लिहिण्याबद्दल त्याला जबाबदार धरता येत नाही, असा त्या निकालाचा आशय. निकाल योग्यच आहे. पण मित्रांच्या ग्रुपवर जी सत्ता क्षुल्लक, तीच नोकरीच्या ग्रुपवर भयंकर होते. तेथे ॲडमिन म्हणजेच मालक. सभासद काढणे आणि माणूस काढणे या दोन क्रिया त्याच्या एकाच बोटाने होतात. चौकीदाराचा प्रश्न म्हणूनच भाबडा नव्हता.

आणखीही काही हरवले आहे, आणि ते कायद्याच्या पुस्तकात पटकन सापडत नाही. पूर्वी रजेचा अर्ज घडी घालून एका माणसाच्या हाती दिला जाई. एखाद्या बाईचे बाळंतपण, एखाद्याचे मूळव्याधीचे दुखणे, घरातले एखादे लज्जेचे भांडण, हे फार तर वडाबाबू आणि साहेब या दोघांना कळे. आता साठ माणसांच्या ग्रुपवर रजा मागावी लागते. कानउघाडणीचा मेमो बंद पाकिटातून येत असे, आता “कल का काम क्यों नहीं हुआ?” हा प्रश्न नाव घेऊन साठ जणांपुढे विचारला जातो, आणि त्याच्या वर कोणाचे सुप्रभाताचे गुलाब असते, खाली कोणाच्या काकांच्या निधनाची वार्ता. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमुखाने सांगितले की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्या हक्काचा मोठा ग्रंथ आमच्या कपाटात आहे. त्याची छोटी आवृत्ती त्या बंद पाकिटात होती.

वेळेचेही तेच. कारखाना कायद्याने १९४८ मध्ये प्रौढ कामगाराच्या आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, आणि नव्या संहितेखालीही मर्यादा तीच आहे. भरवेलीचा भोंगा वाजला की फाटकाबाहेर पडलेल्या माणसावर उद्या सकाळपर्यंत कोणाची सत्ता चालत नसे. रात्री पावणेअकराला वाचलेला मेसेज या ४८ तासांत धरावयाचा की नाही? फ्रान्सने १ जानेवारी २०१७ पासून पन्नास वा अधिक माणसांच्या आस्थापनांना, नोकराच्या “फोन न पाहण्याच्या हक्का”विषयी संघटनेशी बोलणी करावयास लावले. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी २८ डिसेंबर २०१८ रोजी अशाच हक्काचे खाजगी विधेयक लोकसभेत मांडले आणि डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा मांडले. त्याचा अद्याप कायदा झालेला नाही.

येथवर लिहून आम्ही थांबलो असतो तर लेख सुबक झाला असता, आणि अप्रामाणिकही. कारण चौकीदाराला दोन दिवसांनी या म्हणून सांगितले त्या रात्री झोप न येण्याचे कारण राईस मिल नव्हते.

आमच्या स्वतःच्या कचेरीचाही एक ग्रुप आहे. सभासद चार : आम्ही, दोन ज्युनिअर वकील आणि आमचे मुन्शीजी. मुन्शीजी आमच्याहून वयाने बारा वर्षांनी मोठे; आमच्या वकिलीच्या दुसऱ्या वर्षापासून आमच्याकडे आहेत. कोणती फाइल कोणत्या कपाटात हे त्यांना ठाऊक, आणि कोणत्या अशिलाची फी सोडून द्यावी हेही. २०२५ च्या जानेवारीत एका रात्री नऊच्या सुमारास त्यांनी ग्रुपवर लिहिले : “आईची तब्येत फार बिघडली. गोंदियास नेत आहे.”

आम्ही त्या वेळी दुसऱ्या दिवशीच्या उलटतपासणीची टिपणे काढीत होतो. आम्ही तो मेसेज वाचला. त्याच्याखाली अंगठ्याचे चित्र टाकले. पाच मिनिटांनी, त्याच ग्रुपवर, आम्हीच लिहिले : “जबलपूरला पाठवावयाच्या निकालाची नक्कल उद्या दहापर्यंत पाहिजे.”

तो हुकूम मुन्शीजींना नव्हता. एखाद्या ज्युनिअरने ते काम करावे अशी आमची कल्पना होती. पण आम्ही नाव घातले नव्हते, आणि नकलेचे काम वर्षानुवर्षे मुन्शीजीच करीत आले होते. ज्युनिअरांना वाटले, ते करतील. दुसऱ्या दिवशी सकाळी मुन्शीजी गोंदियाहून पहिल्या गाडीने आले, नक्कल-शाखेपुढे उभे राहिले, दहाला पाच मिनिटे असताना त्यांनी नक्कल आमच्या टेबलावर ठेवली, आणि “साहेब, येतो” म्हणून पुन्हा निघाले. आम्ही वर पाहून मान हलविली असावी. दुपारी त्यांची आई वारली. शेवटच्या शुद्धीत तिने दोनदा त्यांचे नाव घेतले होते, असे पुढे तेरवीला गेलो तेव्हा त्यांच्या पत्नीकडून कळले. ते स्वतः याबद्दल आजवर एक अक्षर बोललेले नाहीत.

मराठीत “अंगठा दाखविणे” या शब्दांचा अर्थ आम्ही वाचकांस सांगावयास नको. मुन्शीजी त्या रात्री आमच्या दाराशी येऊन उभे राहिले असते आणि म्हणाले असते, “साहेब, आई फार आजारी आहे,” तर आम्ही टिपणे बाजूस सारून उठलो असतो, पायात चपला घातल्या असत्या, गाडीची चौकशी केली असती. आम्ही दुष्ट नाही. पण आमच्यासमोर माणूस नव्हता; एक ओळ होती, आणि त्या ओळीला उत्तर देण्याची सोय अंगठ्यापाशी तयार होती. आमच्या हुकुमावर सही नव्हती, तो कोणासाठी आहे हे नव्हते, तो समजला की नाही हे आम्ही विचारले नव्हते. राईस मिलच्या मुनीमजींनी जे केले त्याहून हे काय निराळे होते? त्यांनी रिकाम्या गोदामावर एका माणसाला तीन रात्री बसविले. आम्ही एका माणसाला आईच्या उशापासून उठविले.

चौकीदार ठरल्याप्रमाणे आला. आम्ही त्याला सांगितले, “ग्रुपमधून काढले म्हणजे नोकरीतून काढले, असे कायदा मानीत नाही. आणि तुम्ही काम सोडले असेही तो मानणार नाही. काम सोडणे हा हेतूचा प्रश्न आहे, आणि तीन रात्री भिजत पहारा करणाऱ्याचा हेतू कोणालाही दिसेल.” मिलच्या मालकाला आम्ही नोटीस लिहिली. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर टपाल स्पीड पोस्टात विलीन झाले, म्हणून ती स्पीड पोस्टाने गेली. पोहोच घेतली, पोहोचीवरची सही पाहिली, तारीख पाहिली. आणि फोन उचलून मालकांशी बोललोही, कारण काही गोष्टी कागदावर लिहिल्यानंतरही तोंडाने सांगाव्या लागतात.

खटला करावा लागला नाही. मालक वाईट मनुष्य नव्हते. चौकीदार जुन्या गोदामावर बसून होता हे त्यांना प्रथमच कळत होते. त्यांनी त्याला परत घेतले. घासाघीस झाली ती फक्त त्या तीन रात्रींच्या पगारावरून. “रिकाम्या गोदामाच्या पहाऱ्याचे पैसे कशाचे?” असे त्यांनी विचारले. आम्ही म्हणालो, “पहारा याने केला. गोदाम तुम्ही रिकामे केले.” ते हसले आणि पैसे दिले. चौकीदाराने एकच अट घातली, आणि ती आम्ही शिकविलेली नव्हती : पाळी बदलली तर फाटकाशी कागद लावावा, खाली सही असावी. मुनीमजींनी एक पुठ्ठा आणून टांगला आहे. ग्रुपही चालू आहे. ट्रकची वेळ, पावसाची बातमी, हरवलेली किल्ली यांसाठी तो उत्तम आहे.

आमच्या कचेरीत आम्ही एक फळा लावला. उद्याच्या तारखा, कोणाकडे कोणते काम, हे त्यावर नावानिशी लिहितो. खाली लिहिणाऱ्याची आद्याक्षरे असतात. संध्याकाळी सातनंतर ग्रुपवर कामाचे काही लिहावयाचे नाही, आणि दुखण्याखुपण्याची गोष्ट फोनवर बोलूनच सांगावयाची व बोलूनच ऐकावयाची, असे ठरविले. पहिल्या महिन्यात हा नियम आम्ही स्वतः दोनदा मोडला. ज्युनिअरांनी दोन्ही वेळा आठवण दिली, आणि ती त्यांना देता आली याचे आम्हांला बरे वाटले.

२०२६ च्या जानेवारीत एका सकाळी आम्ही कचेरीत आलो तेव्हा फळ्याच्या कोपऱ्यात मुन्शीजींच्या वळणदार अक्षरांत लिहिले होते : “परवा रजा. आईचे वर्षश्राद्ध.” खाली सही आणि तारीख होती. मुन्शीजी पाठमोरे बसून फाइलीला दोरी बांधीत होते. आम्ही बॅग खाली ठेवली आणि त्यांच्या टेबलापाशी खुर्ची ओढून बसलो. जे वर्षभरापूर्वी बोलावयास हवे होते ते त्या दिवशी बोललो. त्यांनी ऐकून घेतले, दोरीची गाठ मारली, आणि म्हणाले, “साहेब, जमले तर जेवायला या.”

आम्ही गेलो होतो.